दहा ग्रॅमचं माप

लातूर,
१७ ऑक्टोबर २०१२

प्रिय बसवंत,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तू 'डॉ. दामिनी मॅडम' असं लिहिलंस, त्यामुळे क्लासच्या शिपायाने ते पालकांच्या पत्रांत टाकलं आणि मीही दुपारपर्यंत फोडलं नाही. देगलूरच्या एका बाईंचं असंच जाड पाकीट दर महिन्याला येतं, मुलाला मार्क कमी का पडतात म्हणून. मला वाटलं त्यांचंच असेल. मग अक्षराकडे लक्ष गेलं. तुझा 'द' अजून तसाच आहे, पोट सुटलेला. सहा वर्षं तुझी काही खबर नाही, जिवंत आहेस की नाहीस कळायला मार्ग नाही, आणि एकदम चार पानं. खुर्चीवर बसूनच वाचली. बाहेर रिपीटर बॅचची पोरं दार वाजवत होती, त्यांना सांगितलं आज तास नाही.

चारही पानांत तू माझी माफी मागितलीस. सोलापूरच्या स्टेशनवर बाकावर पडलेल्या पेपरात आमच्या क्लासची पानभर जाहिरात बघितलीस, तीत माझा फोटो, आणि तुला वाटलं की तुझ्या एका घाईने माझं संशोधन बुडालं, म्हणून मी आज शिकवण्या घेत बसले आहे. तू गदगजवळ साबणाच्या कारखान्यात आहेस, हे वाचून हसू आलं आणि लगेच गेलं. ज्या साबणाला आपण दोघांनी वर्षभर शिव्या घातल्या, त्याच्यापाशीच जाऊन बसलास. आणि शेवटी लिहिलंस की गावाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही, तेव्हा हा पत्ता कमलम्मा आत्यालाही देऊ नकोस.

बसवंत, ही माफी माझ्याने घेववत नाही. आडवळणाने सांगायला लागले तर पुन्हा कच खाईन, म्हणून आधीच सांगते. गावातला डिझेलचा प्लांट बिघडला तो तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे. आणि ते मला तेव्हाच माहीत होतं, गावासमोर तू उभा राहिलास त्या दिवशीही माहीत होतं. ज्या शरमेपायी तू सहा वर्षं घरी गेला नाहीस ती शरम माझी आहे. आता पत्र फाडावंसं वाटलं तर फाड, पण शक्य झालं तर पुढे वाच. कसं झालं ते तुला कळलं पाहिजे. तू रसायनवाला आहेस, नुसत्या 'माझं चुकलं'वर तू विश्वास ठेवणार नाहीस.

नांदेडला मार्तंड सरांच्या प्रयोगशाळेत तू पहिल्यांदा आलास ते आठवतं? २००१चा जुलै. बाकीचे लोक संशोधनाला येताना फाइल घेऊन येतात, तू पोतं घेऊन आलास. करंजाच्या शेंगांचं. सरांचं सगळं टापटिपीचं, त्यांनी नाकाला रुमाल लावून विचारलं की हे काय, आणि तू म्हणालास, "सर, आमच्या गावात सध्या हेच पिकून राहिलंय." मी कोपऱ्यात काचेच्या नळ्या धूत होते, हातातली नळी पडता पडता वाचली. नंतर कितीतरी दिवस मी तुला 'पोतंवाले' म्हणायची आणि तू रागवायचास.

गावाचं तू पुष्कळ उशिरा सांगितलंस. विष्णुपुरीच्या धरणावर बसलो होतो, कागदात चुरमुऱ्यांचा सुशीला होता, तो तू एकटा खात होतास आणि खाता खाता सांगत होतास. तू लातूरच्या वसतिगृहातून गणपती विसर्जनासाठी घरी गेला होतास आणि पहाटे भूकंपात माळवद खाली आलं. आई, वडील, बहीण त्यात गेली. तुला शेजारच्या वीरभद्रकाकांनी नुसत्या हातांनी माती उकरून काढलं, तेव्हा दिवस डोक्यावर आला होता. आणि चार दिवसांनी निलंग्याहून तुझी विधवा आत्या, कमलम्मा, एक बोचकं घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये आली ती परत गेलीच नाही. तू हे असं सांगितलंस की जणू कुणा दुसऱ्याच्या घरचं आहे. मग म्हणालास, नव्या गावात सरकारने घरं रांगेत बांधून दिली, पण सावली कुठेच नव्हती, म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी करंज लावला, कारण शेरडं त्याला तोंड लावत नाहीत. आता झाडं मोठी झाली होती, शेंगांचा खच पडत होता, आणि गावाच्या विहिरीवरचा विजेचा पंप मात्र चौदा-चौदा तास बंद. एक डिझेल इंजिन होतं, डिझेल मिळेल तेव्हा चालायचं. झाडाखाली पडलेल्या शेंगांवर ते इंजिन चालवायचं, एवढंच तुझ्या डोक्यात होतं. मला तू त्या दिवशी आवडलास. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगायचा अधिकार उरला नसताना सांगते आहे.

पहिल्या वर्षी आपण डिझेल केलंच नाही, साबणच केला. करंजाचं तेल जुनं झालं की आंबतं, त्यात कॉस्टिक आणि मिथेनॉल घालावं तर सगळा फेसच फेस. सरांनी शेवटी त्यानेच हात धुतले आणि म्हणाले, उत्तम आहे, पण इंजिन यावर चालत नाही. मग त्यांनीच लायपेजचा रस्ता दाखवला. पोटात चरबी पचवणाऱ्या एन्झाइमचाच हा एक भाऊ. त्याला आंबट तेलाचं काही वाटत नाही, साबण होत नाही, तेलाचं सरळ एस्टर, म्हणजे आपलं डिझेल, करतो आणि ग्लिसरीन खाली बसतं. पण तो तेलात मोकळा सोडला तर परत हाती लागत नाही, आणि एकदाच वापरून टाकून द्यावा इतका स्वस्तही नाही. म्हणून आपण त्याला राजगिऱ्याएवढ्या पांढऱ्या मण्यांवर बांधून ठेवला. काम झालं की फडक्यातून गाळायचे, धुवायचे, वाळवायचे, पुन्हा तेलात सोडायचे. मग सगळं एकाच आकड्यावर आलं. तेच मणी किती खेपा काम करतात? पाच-सहा खेपांत मेले तर ही नुसती काचेतली गंमत. वीस खेपा टिकले तर गाव चालेल.

कामं आपण वाटून घेतली होती. तेल आणि मिथेनॉल तुझ्याकडे, मणी माझ्याकडे. मिथेनॉल एकदम ओतलं की एन्झाइम मरतो, म्हणून तीन वाट्यांनी, आठ-आठ तासांनी द्यायचं. तू त्या मण्यांना 'पोरं' म्हणायचास. "पोरांना हळू पाज, नाहीतर झिंगून मरतील," असं तू मलाच सांगायचास, जशी काही मी पाजणार होते.

आता माझ्या हाताचं सांगते. आमचं उदगीरचं तेलाचं दुकान तू बघितलं आहेस. माझ्या वडिलांचं, अप्पा गुरुपादप्पांचं, एक व्रतच होतं म्हण, की माप कधी उणं ठेवायचं नाही. पत्र्याच्या मापाला आतून तेल चिकटतं, थोडं नरसाळ्यावर राहतं, तेवढं गिऱ्हाइकाचं कमी होतं. म्हणून प्रत्येक मापावर डब्यातून एक धार वरून सोडायची, माप काठोकाठ दिसेपर्यंत. सातव्या वर्षी मी एका बाईला धार न सोडता तेल दिलं तर अप्पांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातला आणि त्या बाईच्या मागे मला पळवलं. पुढे ते माझ्या हातातच बसलं. घरी दूध मोजताना, पीठ मोजताना, मी वरून थोडं घालतेच, आणि घातलं हे मला कळतही नाही.

प्रत्येक खेपेनंतर मणी वाळवून मी तोलायची. दहा ग्रॅम सोडलेले, परत नऊच्याही किंचित खाली भरायचे. काही फडक्याला चिकटलेले, काही फुटून भुकटी झालेली. मी कपाटातली नव्या मण्यांची बाटली काढायची आणि काटा दहावर येईपर्यंत वरून घालायची. मग नोंदवहीत लिहायची, 'मणी १० ग्रॅम'. ते खरंच दहा असायचे. बसवंत, त्या वहीत मी एकही खोटा आकडा लिहिला नाही. खेप सातवी, मणी दहा ग्रॅम, एस्टर त्र्याण्णव टक्के. खेप तेरावी, मणी दहा ग्रॅम, एस्टर ब्याण्णव. विसाव्या खेपेला सरांनी पेढे मागवले. जुने मणी मरत होते आणि मी दर खेपेला थोडे जिवंत मणी त्यांच्यात मिसळत होते. चार वर्षं हे माझ्या लक्षात आलं नाही. सरांनी बघितलं नाही, कारण वाळवणं-तोलणं हे काम ते स्वतः करणार थोडेच. तू बघितलं असतंस तर तुझ्या लक्षात आलं असतं, तुझ्या घरात कुणी दुकान केलेलं नव्हतं.

एकदा कमलम्मा नांदेडला आली होती, आपल्या लग्नाचं बोलणं घालायला उदगीरला जाण्याआधी मला बघायला म्हणून. मी तिच्यासमोर मणी तोलत होते. ती स्टुलावर बसून एकटक बघत होती आणि म्हणाली, "यव्वा, एवढी शिकलीस लई, पर हात दुकानदाराचाच हाय." मी हसले. तू तर इतका हसलास की सर बाहेर आले. तिघांपैकी कुणाला त्यातलं काही कळलं नाही.

वीसचा आकडा घेऊन तू गावी गेलास. बायकांनी दोन मोसम शेंगा वेचल्या, फोडल्या, त्यांची बोटं काळी पडली. औशाच्या तेलघाण्यातून तेल काढून आणलं. शाळेमागच्या शेडमध्ये टाकी बसली, मणी जाळीच्या स्टीलच्या टोपलीत बंद केले, वरून बोल्ट, वीस खेपा होईपर्यंत उघडायचंच नाही. तिथे मी वरून धार सोडायला नव्हते. तू सकाळी लातूरला क्लासमध्ये शिकवायचास, दुपारी परत येऊन टाकी सांभाळायचास, आणि मी दर खेपेचा नमुना नांदेडला नेऊन तपासायची. पहिल्या तीन खेपा चौऱ्याण्णव. गावाने इंजिन चालू केलं त्या दिवशी वीरभद्रकाकांनी तुला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून खाली बसले. चौथी एक्क्याण्णव. पाचवी त्र्याऐंशी. मी तुला फोनवर सांगितलं की तेलात पाणी असेल.

त्याच आठवड्यात सरांनी मला एका पाहुण्यांना दाखवायला म्हणून दहा ग्रॅम मणी मागितले. मी कपाटातली बाटली काढली. तिच्यात तळाला बोटभर मणी होते. पहिल्या खेपेच्या दिवशी ती मी स्वतः गळ्यापर्यंत भरलेली होती. दुसऱ्या कुठल्या प्रयोगाला ते मणी गेले नव्हते. मी बाटली हातात धरून उभी राहिले आणि हिशेब आपोआप झाला. दहा ग्रॅमांनी वीस खेपा झाल्याच नव्हत्या, बत्तीस ग्रॅमांनी झाल्या होत्या.

मी तरीही मान्य केलं नाही. उरलेले मणी घेतले आणि कुणाला न सांगता नव्याने खेपा लावल्या, या वेळी काहीही न घालता. हात अक्षरशः मागे बांधून ठेवावा लागला. सहावीला अडुसष्ट टक्के आले आणि सातवीला तेल जवळपास तेलच राहिलं. ते पूर्ण होईपर्यंत इकडे तुझी सहावी खेप निघाली होती, एकाहत्तर टक्क्यांची. तू फोन केलास, दामिनी, घालू का डिझेलच्या ड्रममध्ये? मला तेव्हा सगळं माहीत होतं. मी म्हणाले, घाल, ड्रम मोठा आहे, मिसळून जाईल. हे वाक्य मी सहा वर्षांत रोज ऐकलं आहे, माझ्याच आवाजात.

का म्हणाले? बारा जूनला माझी तोंडी परीक्षा होती. प्रबंध बांधून आला होता, वर सोनेरी अक्षरं, अप्पांनी एक प्रत दुकानात गल्ल्याशेजारी ठेवली होती आणि वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही उघडून दाखवत होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्या प्रबंधाचं शीर्षकच वीस खेपांचं होतं. मी ठरवलं की बारा जून होऊ दे, मग सांगू. महिनाभराचा तर प्रश्न आहे. खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं रे. नुसतं थोडं थांबायचं ठरवलं होतं.

मग सातवी खेप. तुला पावणेसहाची एसटी गाठायची होती, परीक्षा तोंडावर आलेली बॅच होती, आणि तू मिथेनॉलचे दोन वाटे एकदम ओतून निघून गेलास. तुझ्या पत्रात तू त्या सकाळचं किती बारकाईने लिहिलं आहेस, पायातली चप्पल कुठली होती तेसुद्धा. बसवंत, त्या दिवशी तू मिथेनॉल थेंबाथेंबाने जरी दिलं असतंस तरी काही झालं नसतं. पाजायला पोरं जिवंतच नव्हती. ड्रममध्ये आधीच अर्धंकच्चं तेल होतं, तेच इंजिनात चिकटलं आणि इंजिन जाम झालं, ऐन मे महिन्यात.

वीजही तेव्हा नावालाच येत होती, अकरा दिवस गावाला पाणी नव्हतं. टँकर आला तर आला. बायका शेवटी जुन्या गावच्या विहिरीवर गेल्या, जिथे तेरा वर्षं कुणी पाऊल टाकलं नव्हतं, पडक्या भिंतींतून, प्रत्येकीला आपलं घर कुठलं ते माहीत असताना. कमलम्मा त्या वाटेने दिवसाला तीन खेपा करत होती. तुमच्या जुन्या घरावरून जायला नको म्हणून ती लांबून वळसा घालायची. हे तिने मला नंतर सांगितलं, तुला सांगितलं नव्हतं.

शाळेसमोरची ती सभा. तू उभा राहिलास आणि कुणी काही विचारायच्या आत बोललास की मी मिथेनॉल एकदम ओतलं, घाई केली, चूक माझी आहे. वीरभद्रकाका उठले. ज्या माणसाने तुला मातीतून काढलं तो माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "तुला ढिगाऱ्यातून काढला तो आमाला तहानेनं मारायला का रं?" मी बायकांत बसले होते. माझ्या पर्समध्ये माझ्या सात खेपांचा कागद होता, चार घड्या घातलेला. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस, माफी मागितल्यासारखं. मी खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तू गेलास.

बारा जूनला मी परीक्षा दिली. परीक्षकांनी विचारलं की वीस खेपांपर्यंत टिकण्याचं कारण तुमच्या मते काय. मी वीस मिनिटं उत्तर दिलं. त्यांनी हात मिळवला. त्यानंतर मी त्या प्रबंधावर एक ओळही छापू शकले नाही, कुठे नोकरीला अर्ज करताना त्याचं नाव लिहू शकले नाही. सर निवृत्त होईपर्यंत विचारत राहिले की बिघडलं काय. मी लातूरला येऊन शिकवण्या धरल्या, तुझ्यामुळे नाही, त्या वीसमुळे. आता एकेका हॉलमध्ये एकशे ऐंशी पोरं असतात. कुठून कुठून येतात, एका खोलीत चौघं राहतात, मेसचं पाणचट वरण खातात, पहाटे पाचला उठून सूत्रं घोकतात. दरवर्षी उत्प्रेरकांचा धडा येतो. फळ्यावर लिहायचं असतं की उत्प्रेरक अभिक्रियेत खर्ची पडत नाही. मी तो तास दुसऱ्या सरांना देते. क्लासवाल्यांनी माझा फोटो चौकात लावला आहे, नावामागे डॉक्टर. रोज त्याच्याखालून रिक्षाने जाते. मला स्वतःची किळस येते, बसवंत. दुसरा सभ्य शब्द मिळाला असता तर तो लिहिला असता.

तू गेल्यावर मी महिन्यातून एकदा कमलम्माकडे जात राहिले. प्रायश्चित्त वगैरे नाही, तिच्याशिवाय तुझ्याबद्दल बोलायला कुणी नव्हतं म्हणून. पहिल्याच वेळी तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आमच्या पोरानं तुझं वाटुळं केलं गं बाई, त्याला माफ कर." आणि मी म्हणाले, केलं. मी माफ केलं म्हणाले! तिने मला भाकरी वाढली. तुझ्यासाठी ती गावातल्या कुणाशी भांडत नव्हती, पण वीरभद्रकाकांच्या घरचं पाणी तिने सहा वर्षांत घेतलं नाही. ते दिवाळीला येऊन ओट्यावर बसायचे आणि उठून जायचे. एसटी आली की ती दारात यायची, मग आत जायची.

आता हे पत्र आजच का, ते लिहायला हवं. कमलम्मा गेली, बसवंत. रविवारी, चौदा तारखेला, दुपारी. काविळीने आधीच पोखरलं होतं, शेवटचे सहा दिवस बोलणं बंद होतं. तुमच्या शेतात समाधी दिली, वीरभद्रकाकांनी पहिली माती टाकली, ती तुझ्या हातून पडायला हवी होती. माणसं अजून तिथेच उभी होती तेव्हा मी सगळं सांगितलं, बाटलीचं, कागदाचं, 'मिसळून जाईल'चं. कुणी मला शिवी दिली नाही. काका खाली बसले, मातीत बोटं घातली, आणि मग म्हणाले, "बाई, म्हैनाभर आधी सांगितलं असतंस तर ती त्याला बघून गेली असती." त्यांना हे माहीत नव्हतं की तीन आठवड्यांपूर्वीच मला तुझा पत्ताही मिळाला होता. हे फक्त मला माहीत आहे, आणि आता तुला. तुझं पत्र बावीस सप्टेंबरला आलं. तेवीसला मी गावी गेले, ते पत्र पर्समध्ये होतं. तिचे डोळे पिवळे झाले होते, तरी तिने चुलीवर चहा केला, मला वाटी भरून दिली आणि विचारलं, त्याचं काही कळलं का गं? मी नाही म्हणाले. नुसतं बोलावलं असतं तर तू आला नसतास, तुला आणायचं तर हे सगळं लिहावं लागलं असतं, आणि मी म्हटलं, थोडं थांबू. सात वेळा कागद घेतला आणि सात वेळा ठेवला. त्यानंतर ती एकवीस दिवस जगली. लातूरहून गदगला पत्र चार दिवसांत पोचतं.

'तुझीच' लिहायचा हक्क मी गमावला आहे, पण दुसऱ्या कुणाचीही मी कधी झाले नाही,

दामिनी